चढावर पाऊल वीतभर आखूड

मुंबईत धावायला शिकलेला माणूस बहुधा सपाटीवरच शिकलेला असतो. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, कार्टर रोड, शिवाजी पार्कची फेरी, कुठेही जा, पायाखाली चढ म्हणून येत नाही. पाच-सहा जणांचा ग्रुप पहाटे साडेपाचला निघतो, गप्पा मारत आठ-दहा किलोमीटर काढतो आणि शेवटी चहाच्या टपरीवर एकदमच पोचतो. हाच ग्रुप एखाद्या रविवारी मलबार हिलला किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याला गेला की सगळं बिनसतं. चढ लागून दोनशे मीटर होत नाहीत तोवर गप्पा बंद पडतात. एक जण दिसेनासा होतो, दोघं मधे कुठेतरी, एक धापा टाकतोय. शेवटचा चालायला लागलाय, पण ते कुणाला दिसू नये म्हणून बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकलाय. वर पोचल्यावर मागच्याला वाटतं, आपण ग्रुपला लोढणं झालो. पुढच्याला वाटतं, ही मंडळी मनावरच घेत नाहीत.

दोघांचाही समज चुकीचा. सपाटीवर बरोबरीने धावणारी माणसं चढावर का पांगतात याला साधा हिशेब आहे, आणि तो शाळेत शिकलेल्या टक्केवारीच्या पुढे जात नाही. तो कळला की चढावर पाऊल कसं टाकायचं आणि ग्रुपने कसं धावायचं, ही दोन्ही कोडी बरोबरच सुटतात.

चढाचा हिशेब

आधी चढ मोजायचा कसा ते पाहू. शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर गेलात तर चढ ५ टक्के. मलबार हिलचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ५० मीटर उंच आहे. खालून तिथवर एका किलोमीटरच्या रस्त्याने गेलात तर सरासरी चढ ५ टक्के, अर्ध्या किलोमीटरच्या आडवाटेने गेलात तर १० टक्के. डोंगरातले मोटाररस्ते आखताना इंजिनिअर शक्यतो ५-६ टक्क्यांच्या पुढे जात नाहीत, नाहीतर भरलेला ट्रक रडायला लागतो. म्हणजे ५ टक्के हा आकडा कागदावर किरकोळ दिसला तरी तो घाटाचा चढ आहे.

आता शरीराला हा चढ किती महाग पडतो? इटलीचे शास्त्रज्ञ अल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डोंगरी शर्यती धावणाऱ्या दहा धावपटूंना ट्रेडमिलवर चढवलं. ट्रेडमिल वर-खाली कलवत ४५ टक्के चढापासून ४५ टक्के उतारापर्यंत नेली आणि प्रत्येक वेळी ते किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं. त्यातून निघालेल्या सूत्रात आपल्या कामाचे आकडे घातले तर असं दिसतं: सपाटीवर एक मीटर धावायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण १.३ पट ऊर्जा ५ टक्के चढावर लागते. १० टक्के चढावर जवळपास १.६५ पट. उतारावर खर्च कमी होतो, ५ टक्के उताराला पाऊण पट आणि १० टक्क्यांना ०.६ पट. सगळ्यात स्वस्त उतार २० टक्क्यांच्या आसपासचा. त्याहून तीव्र उतारावर स्वतःला आवरण्यातच इतकी ताकद जाते की खर्च पुन्हा चढू लागतो.

दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, ते याचसाठी. वजन तेच, वाट तीच, पण चढावर तोच वेग ठेवायचा तर ताकद वाढवावी लागते. आपल्याला ऐन चढावर जुंपायला दुसरी बैलजोडी नसते. तेव्हा वेग कमी करणं एवढंच हातात उरतं.

काका जास्त का बोलतात

आता ग्रुपकडे वळू. समजा, एक निवृत्त काका आहेत, पंधरा-वीस वर्षं धावणारे. आणि त्यांच्याच सोसायटीतल्या एक ताई, गेल्या वर्षी धावायला लागलेल्या. दोघं सपाटीवर किलोमीटरला सहा मिनिटं या पेसने शेजारी-शेजारी धावतात. बघणाऱ्याला दोघांची मेहनत सारखीच वाटेल. पण काकांचं शरीर त्या वेळी ऑक्सिजन वापरायच्या स्वतःच्या कमाल क्षमतेच्या ६० टक्क्यांवर चालू आहे आणि ताईंचं ७५ टक्क्यांवर. याची खूण एकच, काका जास्त बोलतात. लोक म्हणतात काका बोलघेवडे आहेत. खरं तर त्यांच्याकडे श्वास शिल्लक आहे.

५ टक्क्यांचा चढ लागला. काकांनी पेस सोडला नाही. त्यांचा खर्च १.३ पट झाला, म्हणजे ६० चे ७८ टक्के. बोलणं थोडं तुटक झालं, बाकी विशेष काही नाही. ताईंनी काकांची साथ सोडली नाही. त्यांचे ७५ चे झाले साडेसत्त्याण्णव. म्हणजे जवळपास सगळी क्षमता पणाला लागली. चढ १० टक्क्यांवर गेला तर काका ९९ टक्क्यांना टेकतील आणि ताई १२४ वर जातील. शंभराच्या वरचं हे काम ऑक्सिजनवर भागत नाही. शरीर ते उसनवारीवर उरकतं आणि ही उसनवारी मिनिट-दोन मिनिटांपलीकडे चालत नाही. पाय जड होतात, श्वास छातीत मावत नाही, आणि माथ्यावर पोचल्यावर सपाट रस्ता आला तरी पुढची दहा मिनिटं वाया जातात.

पांगापांग का होते ते यातून दिसेल. चढ दोघांना सारखाच महाग आहे, १.३ पट म्हणजे १.३ पट. फरक पडतो तो आधी शिल्लक किती होती यामुळे. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याला चढावर पेस धरून ठेवणं परवडतं, म्हणून तो धरतो. ज्याच्याकडे नाही तो त्याच्या मागे लागतो आणि मोडतो. यात आळस नाही आणि पराक्रमही नाही.

आता उलटं करून बघा. काकांनी चढ लागताच पेस सहा मिनिटांवरून पावणेआठवर आणला, म्हणजे खर्च वाढला तेवढ्याच पटीत वेग कमी केला. काका पुन्हा ६० टक्क्यांवर, ताई पुन्हा ७५ टक्क्यांवर, आणि दोघं अजूनही शेजारी! कागदावर तरी ग्रुप फुटायचं काही कारण उरत नाही. प्रत्यक्षात थोडं अंतर पडतंच, कारण कुणाच्या पोटऱ्या भक्कम असतात, कुणाचं वजन जास्त असतं, कुणाला चढाची सवय असते. पण ते अंतर वीस-तीस पावलांचं असतं. माणूस दिसेनासा होण्याइतकं नसतं. चढावर ग्रुपने सारखी ठेवायची ती मेहनत. वेग ज्याचा त्याचा.

पाऊल

वेग कमी करायचा म्हणजे नक्की काय कमी करायचं? धावण्याचा वेग दोन गोष्टींतून बनतो: मिनिटाला पावलं किती आणि एक पाऊल किती लांब. चढ लागला की नवखा माणूस पावलांची संख्या कमी करतो आणि ढांगा मोठ्या टाकतो. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायची सवय इथे आडवी येते. करायचं नेमकं याच्या उलट, ठेका तोच ठेवायचा आणि पाऊल आखूड करायचं.

किती आखूड? वरचाच हिशेब पुढे नेऊ. किलोमीटरला सहा मिनिटं म्हणजे मिनिटाला साधारण १६७ मीटर. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर एक पाऊल झालं ९८ सेंटीमीटरचं. ५ टक्के चढावर पेस सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांवर आला, म्हणजे मिनिटाला १२८ मीटर. पावलं १७० च ठेवली तर एक पाऊल ७५ सेंटीमीटर. फरक तेवीस सेंटीमीटरचा, म्हणजे बरोबर एक वीत. १० टक्के चढावर पाऊल ५९ सेंटीमीटरवर येतं, म्हणजे पावणेदोन विती आखूड. पहिल्यांदा असं धावताना आपण जागच्या जागी पाय हलवतोय असं वाटतं. वाटू द्यावं.

लांब ढांग चढावर महाग का पडते तेही सांगतो. पाय शरीराच्या बराच पुढे पडला की अंग त्या पायावरून वर ओढून न्यावं लागतं, आणि हे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंना गुडघा वाकलेल्या अवस्थेत करावं लागतं. पाऊल आखूड असलं की पाय अंगाखालीच पडतो, ढुंगणाचे मोठे स्नायू आणि पोटऱ्या कामाला येतात, आणि प्रत्येक पावलाला उचलायची उंचीही थोडी असते.

आपला ठेका किती ते मोजायला घड्याळातलं कॅडन्सचं खातं उघडायची गरज नाही. सपाटीवर निवांत धावताना अर्धा मिनिट फक्त उजवा पाय मोजा आणि चारने गुणा. मग चढावर तेच करा. आकडा फार खाली आला असेल तर ढांगा लांबल्या असं समजा. १८० चा आकडा अनेकांनी ऐकलेला असतो. अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तिथून तो आला. ते जगातले निवडक लोक होते आणि शर्यतीच्या वेगात होते. तुमचा आरामाचा आकडा १६४ असेल तर तो १६४ आहे. चढावर तो टिकवा म्हणजे झालं.

बाकी शरीराचं फार सोपं आहे. पुढे झुकायचं ते घोट्यातून, कमरेतून नाही. कमरेत वाकलं की फुप्फुसांना जागा कमी पडते आणि नेमकं तेव्हाच ती जास्त हवी असते. नजर दहा-पंधरा फूट पुढे. माथा किती लांब आहे ते बघत बसू नये, तो जवळ येत नाही. हात थोडे जोरात मागे न्यावेत, पाय आपोआप त्यांच्या मागे येतात. चढावर टाच जमिनीला नीट टेकत नाही, चवड्यावर भार येतो. ते नैसर्गिक आहे, मुद्दाम टाच टेकवायला जाऊ नका. मात्र यामुळे पोटरी आणि टाचेच्या वरची जाड शीर, अकिलीस टेंडन, यांच्यावर ताण वाढतो. तिथे आधीच दुखत असेल तर चढाचा सराव पुढे ढकलावा.

आणि चालणं? धावायचा वेग जेव्हा झपाझप चालण्याइतकाच उरतो तेव्हा चालावं. तीव्र चढावर डोंगरी शर्यतींतले नामांकित धावपटूही चालतात. त्यासाठी नाडी बांधायचं नाटक नको.

घड्याळ काय सांगतं, श्वास काय सांगतो

चढावर घड्याळातला पेस बघण्यात अर्थ नाही हे वरच्या आकड्यांवरून कळलंच असेल. शिवाय झाडीत आणि उंच इमारतींच्या मधे जीपीएस थोडा भरकटतोच. हृदयाचे ठोके बरे, पण ते उशिरा बोलतात. मेहनत वाढल्यावर ठोके पूर्ण वाढायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. छोटा चढ असेल तर तुम्ही माथ्यावर पोचता तेव्हा घड्याळ सांगतं की खाली जरा जास्तच जोर लावला.

श्वास मात्र जास्त लपवाछपवी करत नाही. ग्रुपमध्ये वापरायला मला एक वाक्य आवडतं: "मी ठीक आहे, तुम्ही पुढे व्हा." हे एका श्वासात, मधे न तुटता म्हणता आलं तर चढावरची मेहनत बेताची आहे. "मी... ठीक..." इथेच अडलात तर पाऊल आणखी आखूड करा. हे वाक्य कामाचंही आहे, कारण पुढच्याला मागच्याची काळजी वाटून तो दर पन्नास मीटरला थांबत असेल तर दोघांचीही लय जाते.

मुंबईत यात दमट हवेची भर पडते. घाम अंगावरून उडून गेला तरच अंग गार होतं. हवेत आधीच ओल असली की घाम नुसताच टपटप गळतो. चढावर हे अधिक जाणवतं, कारण शरीर उष्णता तेवढीच तयार करतं पण वेग कमी असल्यामुळे अंगाला लागणारा वारा कमी होतो. समुद्राकाठी धावताना वाऱ्याची झुळूक असते. कान्हेरीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दाट झाडी, तिथे मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये जिवाची काहिली होते. त्या दिवसांत चढाचा सराव लवकर उरकावा आणि फेऱ्या कमी कराव्यात. जानेवारीत जमलेला पेस मे महिन्यात मागू नये.

उताराची किंमत सोमवारी

चढाची भीती सगळ्यांना असते, उताराची कुणालाच नसते. दुखापत मात्र बऱ्याचदा उताराला होते.

उतारावर श्वास मोकळा असतो, म्हणून माणूस सुटतो. पण प्रत्येक पावलाला जमिनीवर आदळणारं अंग मांडीच्या पुढच्या स्नायूंना झेलायचं असतं, आणि तेही ताणले जात असताना. कोलोरॅडो विद्यापीठातल्या गॉटशॉल आणि क्रॅम या दोघांनी २००५ मध्ये याची मोजदाद प्रसिद्ध केली. ९ अंशांच्या उतारावर, म्हणजे साधारण १६ टक्क्यांवर, पाय टेकतानाचा आघात सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढला आणि ब्रेक लावणारा जोर ७३ टक्क्यांनी. आपल्याकडचे धावायचे रस्ते एवढे उतरते नसतात. त्यामुळे आकडे कमी होतील, पण गोष्ट तीच.

याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. स्नायूंचं हे दुखणं एक ते तीन दिवसांत भरात येतं. रविवारी कान्हेरीहून सुसाट खाली आलेला माणूस सोमवारी ऑफिसच्या वेळेला दादरच्या पुलावर ओळखू येतो. जिना चढताना तो बरा असतो, उतरताना रेलिंग धरून, अंग तिरकं करून, एकेक पायरी उतरतो आणि मागून येणारी गर्दी त्याला बोल लावत राहते.

चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतात. एकदा बेताने उतार धावलात की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने एवढं दुखत नाही. म्हणून शर्यतीत उतार असेल तर तीन-चार आठवडे आधी उताराचा सराव करावा. शेवटच्या आठवड्यात करू नये. पावसाळ्यात ट्रेडमिलला इनक्लाइन लावून चढाचा सराव करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तुमचा दम तयार होतो, मांड्या तयार होत नाहीत, कारण ट्रेडमिल बहुधा फक्त चढते. आणि भर पावसात बाहेर गेलात तर शेवाळ आणि ओली पानं यांच्यावर उतार धावायच्या फंदात पडू नका. सरळ चालत उतरा.

उताराचं पाऊलही आखूडच. ढांग टाकली की टाच पुढे रुतते आणि ब्रेक लागतो. भरभर, हलकी पावलं टाकली की आघात जास्त पावलांत वाटला जातो.

राहिला वेळेचा प्रश्न. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघतो का? ५ टक्क्यांच्या एक किलोमीटर चढावर सहा मिनिटांऐवजी सात-अठ्ठेचाळीस लागली. परतीच्या उतारावर त्याच मेहनतीत सूत्राप्रमाणे चार मिनिटं पस्तीस सेकंद लागायला हवीत. तरीही बेरीज बारा मिनिटांऐवजी बारा-तेवीस होते. त्यात हौशी धावणाऱ्याला चार-पस्तीसने उतरणं पायांना झेपत नाही, सव्वापाचने उतरलात तर बेरीज तेरा मिनिटांवर जाते. चढाच्या मार्गावर टायमिंग सपाटीसारखं येणार नाही, हे घरूनच मान्य करून निघावं.

ग्रुपचा खरा उपयोग

मग ग्रुप कशाला हवा? वारा अडवायला नक्कीच नाही. वेगवान धावपटूंना पुढच्याच्या आडोशाचा फायदा होतो, आपल्या चढावरच्या वेगात तो नगण्य आहे.

फायदा आहे तो डोक्यात. १९२० च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या रोइंग क्लबमधल्या लोकांना दमेपर्यंत वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याने, मग जोडीने. जोडीत कच्चा गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. पण दोघांच्या ताकदीत फरक माफक असेल तेव्हाच. फरक फार असला की कच्चा गडी मनातून सोडून देतो, आणि अजिबात नसला तर चुरसच राहत नाही. चढाच्या सरावाला जोडी निवडताना हे लक्षात ठेवावं: तुमच्यापेक्षा थोडा बरा माणूस शोधा. ग्रुपमधला सगळ्यात वेगवान माणूस तुमच्या कामाचा नाही.

दुसरा प्रयोग ऑक्सफर्डच्या रोइंग संघावर झाला. एकत्र, एका लयीत वल्ही मारल्यावर खेळाडूंची वेदना सोसायची मर्यादा एकट्याने तेवढाच व्यायाम केल्यापेक्षा जास्त वाढलेली दिसली. ग्रुपमध्ये लाँग रन 'कळलाच नाही' असं आपण म्हणतो ते उगाच नाही. मात्र यात एक मेख आहे. वेदना कमी जाणवते म्हणजे गुडघ्याची तक्रारही उशिरा ऐकू येते.

आणि लयीचा संसर्गही होतो. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला तेव्हा शेजारच्या टायसन गेची आणि त्याची पावलं अधूनमधून जुळत होती, असं नंतरच्या विश्लेषणात आढळलं. दोघांच्या ढांगांत चांगलाच फरक असूनही. आपल्याकडे पाच फूट दोन इंचांच्या ताई सहा फुटी माणसाच्या खांद्याला खांदा लावून चढ चढू लागल्या तर नकळत त्यांचं पाऊल लांबणार. म्हणून माझं मत असं की चढावर शेजारी धावूच नये. दोन-तीन हात मागे किंवा तिरकं राहावं. रस्त्यावर पहाटेच्या सुसाट बाइक असतात, त्यासाठीही तेच बरं.

सरावासाठी सगळ्यात न्याय्य पद्धत म्हणजे अंतर न मोजता वेळ मोजायची. मलबार हिलच्या एखाद्या शांत चढावर सगळ्यांनी एकाच खांबापासून निघायचं. एक मिनिट वर. शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथून वळायचं आणि हळूहळू पळत खाली. काका दीडशे मीटर वर गेलेले असतात, ताई सव्वाशे. पण काकांना उतरायलाही तेवढंच जास्त आहे, त्यामुळे दोघं खांबाशी जवळपास एकदमच येतात. पाणी, दोन वाक्यं, पुन्हा वर. कुणी मागे राहत नाही, कुणी खोळंबत नाही, आणि पाचव्या फेरीला ताईंनी मागच्या वेळचं ते गुलमोहराचं झाड ओलांडलं की नाही एवढीच चुरस. सुरुवातीला चार फेऱ्या पुरे, आठवड्यातून एकदाच. शेवटची फेरी पहिलीइतकीच वर गेली पाहिजे. ती खाली आली तर आधीच्या फेऱ्यांत उधळपट्टी झाली.

लांब चढावर, उदाहरणार्थ कान्हेरीच्या सहा-सात किलोमीटरच्या रस्त्यावर, पद्धत वेगळी. ठरलेल्या ठिकाणी पुढच्याने थांबायचं नाही, वळून मागच्यापर्यंत खाली यायचं आणि त्याच्याबरोबर पुन्हा वर जायचं. पुढच्याचा सराव वाढतो आणि मागच्याला "थांबलेत माझ्यासाठी" हे ओझं राहत नाही. एकच अट, मागच्यापाशी पोचल्यावर "चला चला, थोडंच राहिलंय" असं ओरडायचं नाही. त्याला माहीत असतं किती राहिलंय. आणि राष्ट्रीय उद्यान असो वा आरे, अंधारात एकट्याने पुढेमागे होऊ नये. तो बिबट्यांचा मुलूख आहे. उजाडेपर्यंत दोघा-तिघांनी एकत्रच राहावं, मग पेस काहीही होवो.

एकत्र सरावाचा आणि चढाचा हा मेळ जुनाच आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ऑकलंडमधल्या आपल्या शिष्यांना दर रविवारी वायटारुआच्या डोंगराळ मार्गावर जवळपास ३५ किलोमीटर पळवत, आणि हंगामात चढावरच्या खास सरावाचे आठवडे ठेवत. त्यातलाच पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर जिंकला, आणि त्याच दिवशी मरे हालबर्ग ५००० मीटर. आठशे मीटरवाला आणि पाच हजारवाला एकाच डोंगरावर, एकाच टोळीत!

दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून चालू असलेल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनला मुंबईतूनही लोक जातात. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्या मधले जवळपास ९० किलोमीटर, सगळे चढउतार. तिथे पेसरच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पोचवण्यासाठी पुढे धावणाऱ्या माणसाच्या, मागे जाणाऱ्या घोळक्याला 'बस' म्हणतात. बसचा ड्रायव्हर कुठल्या चढावर किती चालायचं ते ठरवतो आणि अख्खी बस चालते. म्हणजे ज्याच्या हातात पेस आहे तोच चालायला लागतो, त्यामुळे कुणाला लाजायचं कारण उरत नाही. आपल्या ग्रुपमध्येही चढावर चालायची सुरुवात सगळ्यात अनुभवी माणसाने करावी.

जागा, आणि पेडर रोड

चढ शोधायला लांब जायची गरज नाही. आरेचा रस्ता लाटांसारखा वर-खाली जातो, नवख्यांना तो सगळ्यात बरा. ठाणेकरांना उपवन तलावापासून वर येऊर आहे, नवी मुंबईकरांना बेलापूरची पारसिक टेकडी आणि खारघर. जवळ काहीच नसेल तर टॉवरच्या पार्किंगचा रॅम्प. वॉचमनकाकांना विचारून, गाड्या सुटायच्या आत. फ्लायओव्हरचा मोह मात्र शर्यतीचा दिवस सोडून कधीही धरू नये.

तो दिवस म्हणजे जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. २००४ पासून ती होते आहे, आणि तिच्या गप्पांत पेडर रोडचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. चढ म्हणून तो फार मोठा नाही. पण वर्षानुवर्षं तो परतीच्या वाटेवर, सहा-सात किलोमीटर उरलेले असताना आला आहे. मॅरेथॉनवाले तोवर पस्तीसेक किलोमीटर धावलेले असतात आणि त्यांची शिल्लक संपत आलेली असते. सकाळी ताज्या पायांनी जो चढ ७५ चा साडेसत्त्याण्णव करतो, तो दमलेल्या पायांना शंभराच्या पार नेतो.

तेव्हा तिथली तयारी हाजी अलीलाच करावी. सपाटीवरच पेस थोडा सैल सोडा, चढ लागला की पाऊल वीतभर आखूड, आणि बाजूने कुणी सपासप पुढे गेलं तर जाऊ द्या. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत, पाणी-संत्री घेऊन उभे असतात, आणि त्यांच्या आरोळ्यांनी पेस वाढतो. तो वाढू देऊ नये, टाळ्या संपल्यावरही चढ असतो. माथा ओलांडल्यावर केम्प्स कॉर्नरच्या उतारावर सुटायचा मोह होईल. तिथे मांड्या आधीच कुरकुरत असतात, म्हणून छोटी, भरभर पावलं टाकत बाबुलनाथपर्यंत या. पुढे मरीन ड्राइव्हची सपाटी आहे, वेग काढायचा तर तिथे काढा.

ग्रुपने धावणार असाल तर पेडर रोडवर कुणी कुणासाठी थांबायचं नाही, हे आदल्या दिवशी बिब (छातीवर लावायचा नंबर) घेताना ठरवून टाका. नाहीतर ऐन चढावर "तू जा", "नाही, तू जा" यातच दम जातो. भेटायची जागा आझाद मैदान, मेडल घेतल्यानंतर.